खालच्या तुकड्यातले कंद

७ ऑगस्ट १९९०

आज माझ्याच बागेत उभं राहून कृषी सहायकाने मला केळी शिकवली. छगन तायडे त्याचं नाव. नोकरीला लागून वर्षही झालं नसेल, पण तोंड असं चालतं की जणू केळीचं पहिलं झाड यानेच लावलं.

झालं असं की खालच्या तुकड्यात, नाल्याच्या अंगाला, काही झाडांच्या पानांवर पिवळे पट्टे आले आहेत. शिरांच्या बाजूने, लांबच लांब. मी ते पाहतोच आहे. तिथे जमिनीत चुनखडी आहे, झाडाला लोह मिळत नाही, मग पान पिवळं पडतं. हे मला माझ्या बापाने सांगितलं, आणि त्याला त्यासाठी सरकार पगार देत नव्हतं. तायडे म्हणाला, "नाना, हा हरण्या आहे. विषाणूचा रोग. ही झाडं कंदासकट उपटा आणि जाळा. त्यांचे कंद लावायला कोणाला देऊ नका, रोग कंदातूनच पुढे जातो. आणि मधली काकडी काढून टाका, मावा तिच्यावरून केळीवर येतो."

काकडी मंजुळाने लावली आहे, घरापुरती. बायकोने चार वेली लावल्या की यांना लगेच रोग दिसतो.

वर आणखी शहाणपण. म्हणे, "आता झड लागली आहे, हवेत गारवा आहे, म्हणून पट्टे दिसतात. उन्हाळ्यात पान हिरवं येईल. तेव्हा फसू नका, रोग आतच असतो." उन्हाळ्यात रोग लपतो! लपायला तो काय फरारी आसामी आहे? मी तोंडावर हसलो. त्याने मात्र बरोबर आणलेल्या चुन्याने त्या झाडांच्या खोडांवर पट्टे ओढले, साहेबांना दाखवायचे म्हणून.

श्रावणाची माहेरी आलेली कुंदा तिथेच होती. आम्हाला ही एकच लेक. मुलगा नाही म्हणून हिलाच मी मुलासारखी बागेत हिंडवली, कोयता धरायला शिकवलं. तिने तायड्याला दोनदोनदा विचारून सगळं समजून घेतलं आणि नंतर त्याला घरी नेऊन ओट्यावर बसवून घरातल्या कपात चहा दिला. चहा मळ्यातही आला असता. मला ते आवडलं नाही.

२३ ऑगस्ट

कुंदा सासरी गेली. एसटीत बसताना पुन्हा तेच, "नाना, ते झाडं काढून टाका." मी हो म्हटलं. पोरीच्या जाताजाता वाद कशाला?

मागच्या आठवड्यात तालुक्याला गेलो होतो तेव्हा तायड्याच्या साहेबांच्या कानावर घातलं, की तुमचा माणूस लोकांच्या बागांना रोगट म्हणत फिरतो, आम्ही कंद विकावे की नाही? रावेर-यावलपर्यंतचे लोक माझ्याकडून कंद नेतात. तोताराम नानाचा कंद म्हटलं की डोळे झाकून लावतात. ते नाव एका चुन्याच्या डब्याने घालवायचं काय? साहेब समजूतदार निघाले. तायडे आता आमच्या शिवारात येत नाही. कोणी सांगत होतं, रस्त्यात भेटला तर मान खाली घालून जातो.

१५ ऑक्टोबर

झाडाला लोह मिळावं म्हणून पाण्यात हिराकस विरघळवून फवारलं होतं. कडक ऊन पडायला लागलं आणि नवीन पान अगदी हिरवं आलं. पट्ट्याचा मागमूस नाही. तायड्याला बोलावून दाखवावंसं वाटलं, पण जाऊ दे. शहाण्याला शब्दाचा मार.

८ जानेवारी १९९१

थंडी फार. सकाळी बागेत गेलं की तोंडातून वाफ निघते. तायड्याने चुना ओढला होता त्या चुन्याच्या झाडांवर पिवळे पट्टे पुन्हा दिसू लागले आहेत. एकाचा तर पोगाच सडला. मधलं न उलगडलेलं पान ओढलं तर हातात आलं, आणि घाण वास.

खरं लिहायचं तर आज कोयता घेऊन गेलो होतो. दहा-पंधरा झाडं आहेत, काढून टाकू, म्हटलं. पण उपटायची म्हणजे जाळायची, आणि तोतारामच्या बागेत धूर दिसला की सावद्याच्या बाजारात दुपारपर्यंत बातमी. थंडीने केळीचं पान पिवळं पडतंच. सगळ्यांच्या बागा यंदा गारठल्या आहेत. सडलेलं तेवढं एक झाड बांधावर टाकलं आणि परत आलो.

३ मे

मोटार जळाली. कॉइल बांधायला दिली आहे, मिस्त्री रोज उद्या म्हणतो. विहिरीतही पाणी किती उरलं आहे देव जाणे. लू अशी वाहते की दुपारी बागेत उभं राहवत नाही. वरच्या तुकड्याकडे पाहवत नाही. पानं मिटली आहेत, कडा करपल्या आहेत, निसवलेली, घड बाहेर पडलेली झाडं घडासकट मोडून पडताहेत.

पण आज एक नवल पाहिलं. खालच्या तुकड्यात चुन्याची झाडं ताठ उभी आहेत. त्यांच्या शेजारच्या, कधी पट्टा न आलेल्या झाडांनी माना टाकल्या, आणि ही उभी! घड त्यांचे लहान आहेत, हे खरं. पण पान पाहावं तर हिरवंगार. कौतिकलाही बोलावून दाखवलं. तो माझा सालदार, इथे काम करता करता म्हातारा झाला. तो म्हणाला, "नाना, हे तं चुन्यावाले झाडं हायेत." मी म्हटलं, "मंग? ज्याले रोगी म्हने तेच उभे हायेत. आता बोल."

मला इतका आनंद झाला की मोटारीचं दुःख विसरलो. झाडाने पिवळेपण भोगलं, थंडी भोगली, आणि आता पाण्याचा ताणही सोसतं आहे. हेच खरं बियाणं. पुस्तकात नाही सापडायचं.

१८ मे

आखाजीला, अक्षय तृतीयेला, कुंदा आली. माहेरवाशिणी झोके घेतात, गाणी म्हणतात, पण हिचं कशात लक्ष नाही. आल्या आल्या बागेत. तिच्या सासरी, शिंदखेडा तालुक्यात तापीच्या काठी, यंदा केळी लावायची ठरली आहे. त्या गावात पहिलीच बाग. ठरवलं कुंदानेच. तिचे सासरे, झुलाल आबा, आजवर कपाशीपलीकडे गेले नाहीत. सासू भिकुबाई तर सुनेला कोठीच्या खोलीची किल्लीसुद्धा देत नाही. तरी हिने वर्षभर मागे लागून सासऱ्यांना पटवलं. त्या घरात हिचा शब्द पहिल्यांदा चालला.

"बाग चांगली आली ना नाना, तं ते मले मानतीन," म्हणाली. "नही आली तं जलमभर आयकावं लागीन."

मग म्हणाली, "कंद तुम्हीच द्या. पन वरच्या तुकड्यातले द्या. खालचे नको." मी विचारलं, खालच्यांना काय झालं? तर म्हणे, "तायडे भाऊनं सांगेल हाये, उन्हाळ्यात रोग झाकला जातो." अजून ते डोक्यातून गेलं नाही! मी तिला नेऊन ताठ उभी झाडं दाखवली. तिने पाहिली, पानाला हात लावला, आणि म्हणाली, "तरी बी वरचेच द्या."

द्यायचे तर आहेतच. लेकीच्या घरच्या पहिल्या बागेचे कंद बापानेच द्यायचे, मोजायचे नाहीत, पैसे घ्यायचे नाहीत, ही आमच्यात रीत आहे.

१७ जून

आज कंद काढले. ट्रॉली भरून वाल्मीकबरोबर, म्हणजे जावयाबरोबर, रवाना केली.

तिला वरचे हवे होते. मी रात्रंदिवस विचार केला. वरचे कंद म्हणजे मेमध्ये मान टाकलेल्या झाडांचे. तिच्या सासरची जमीन हलकी, नदीचं पाणी वर खेचायचं, वीज गेली की संपलं. तिथे ताण सोसणारंच झाड हवं. मग मी जे सगळ्यांत कणखर ते लेकीला द्यायचं, की तिच्या भीतीला भिऊन नाजूक माल द्यायचा? बाप म्हणून मला काही कळतं की नाही?

चुन्याच्या झाडांभोवतीचे तलवारी मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली अरुंद पानांची पिल्लं, कंदासकट निवडून निवडून काढले. ते पुरले नाहीत तेव्हा त्यांच्या शेजारपाजारचे. कौतिक कुरकुरला, "कुंदाताईनं वरचे सांगेल हायेत ना?" मी म्हटलं, "कुंदाताई शिकली कोनापाशी?" आणि वाल्मीकला सांगितलं, सगळे वरच्या तुकड्यातले आहेत. बायकामाणसाशी नसता वाद नको. पहिली केळी निसवली की मीच तिला खरं सांगणार आहे आणि मग तिची गंमत करणार आहे.

वरचे मुनवे उद्या सावद्याचे दोघे बागाईतदार नेणार आहेत.

१८ ऑगस्ट

कालपासून कुंदाच्या सासरी आहे. सावद्याच्या आडतीवर वाल्मीकचा फोन आला होता, लगेच या म्हणून. अमळनेरला एसटी बदलून आलो. सतत भुरभुर, अंगावर गार वारा.

बाग पाहिली. कंद लागले छान, झाडं कमरेला आली आहेत. आणि झाडामागून झाड पिवळे पट्टे. काहींची पानं अरुंद, आखडलेली. काहींचे पोगे सडलेले.

झुलाल आबा बांधावर उभे होते. म्हणाले, "नाना, तुमनं नाव आयकीसन आम्ही केयी लाई. हाई काय व्हयनं?"

सगळं गाव गोळा झालं होतं. पहिली बाग म्हणून जो तो पाहायला. एवढ्या लोकांत बागाईतदाराने "मला कळत नाही" म्हणायचं असतं काय? मी खाली बसून माती मुठीत घेतली आणि म्हटलं, "पाणी साचलं आहे. निचरा नाही. मुळ्या गुदमरल्या की पान पिवळं पडणारच. पाणी कोण देतं?"

भिकुबाई मागून म्हणाल्या, "हाईच देस. दुसरा कोनले पाटले हात लावू देत नही. म्हने माले समजस."

सगळ्यांनी कुंदाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. मी हिराकस फवारायला सांगितलं आणि पाणी बंद ठेवा म्हटलं.

नंतर पाटापाशी एकटी भेटली. "नाना, खरं सांगा. हे खालच्या तुकड्यातले हायेत ना?"

"वरचे," मी म्हणालो.

"मंग वरच्या तुकड्यातबी रोग हाये काय?"

"रोग नही. तुमची जमीन तशी." आता काय सांगायचं? आधी एक सांगून आता दुसरं सांगितलं तर तिलाही वाईट आणि मलाही. आणि मुख्य म्हणजे निचरा नाही हे खरंच आहे.

१ सप्टेंबर

आडतीवर पुन्हा फोन. कुंदाने काल चार मजूर बाया घेऊन बागेतली पट्ट्याची सगळी झाडं उपटली. अर्धी बाग. रॉकेल टाकून जाळली. घरचे बाजाराला गेले होते. परत आले तेव्हा वावरात नुसते खड्डे. वाल्मीक फोनवर एवढंच म्हणाला, "आते घरमा काय चालू शे ते इचारू नका."

हिला काय अवदसा आठवली! मी स्वतः येऊन सांगून गेलो होतो की पाणी बंद करा, तर हिने माझ्या शब्दाची राख केली. एवढ्या गावासमोर! मंजुळाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिनं जाळले म्हंजे तसंच कारन असीन." मायलेकी सारख्याच.

१० सप्टेंबर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाल्मीक कुंदाला सोडून गेला. घर शांत झालं की बोलावतो, म्हणाला. घर केव्हा शांत होणार हे बोलला नाही. कुंदाची एक पेटी आहे बरोबर. दोन दिवसांसाठी येणारी माणसं पेटी आणत नाहीत.

ती माझ्याशी बोलत नाही. रोज खालच्या तुकड्यात जाते.

१३ सप्टेंबर

बोलली. मी जेवत असताना समोर येऊन बसली. "कौतिक काकानं सांगितलं. चुन्यावालेच दिले तुम्ही."

मी कौतिकला उद्या पाहणार आहे. तिला मात्र मी सगळं नीट समजावून सांगितलं. मे महिन्यात कोणती झाडं उभी राहिली, तिच्या जमिनीत ताण आहे, तिच्या भल्यासाठीच केलं. ती ऐकत होती. मी म्हटलं, "सर्वांत चांगले म्हनून तुले दिले, कुंदा." तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मले म्हाईत हाये," ती म्हणाली. "वाईट व्हाव म्हनून नही दिले तुम्ही. पन आता आबाले सांगा. कंद रोगी होते, कुंदानं जाळले ते बराबर केलं, एवढंच सांगा. मी त्या घरात परत तोंड दाखवू शकीन."

मी म्हटलं, पाहू.

पाहू म्हणजे काय? झुलाल आबांना सांगायचं, म्हणजे त्या गावाला सांगायचं, म्हणजे शिरपूर-चोपड्याच्या बाजारात सांगायचं, म्हणजे सावद्याला सांगायचं. ज्यांनी ज्यांनी कंद नेले ते सगळे दारात येतील. आणि मुळात रोग होता हे ठरलं कुठे? ती म्हणते, तायडे म्हणतो. झाडं जळून राख झाली, आता कोण सांगणार?

रात्री झोप नाही. तिचं तोंड उतरलेलं दिसतं. बोलावं असंही वाटतं. सकाळी वाटत नाही.

२८ सप्टेंबर

पाऊस गेला. ऊन मी म्हणतं आहे. शिंदखेड्याकडचा एक व्यापारी भेटला, त्याने बातमी आणली: कुंदाने जी अर्धी बाग ठेवली तिच्यातही मागाहून पट्टे आले होते, पण पाणी बंद केलं, हिराकस मारलं आणि आता नवीन पान हिरवंगार. झुलाल आबा गावभर सांगताहेत, तोताराम नाना म्हणाले तेच खरं, सुनेने उगाच अर्धी बाग जाळली.

घरी येऊन सांगितलं. मला वाटलं होतं तसंच झालं! त्या शिवारात मला एवढं मानणारा व्याही मिळाला याचं समाधान वाटलं.

कुंदा पोळ्या लाटत होती. हात थांबला. म्हणाली, "ऊन पडलं म्हनून हिरवं आलं, नाना. तुम्हाले बी म्हाईत हाये आता." मंजुळा म्हणाली, "तुम्ही जितले. आता पोरीचं काय करता ते सांगा."

मी ताटावरून उठलो.

११ ऑक्टोबर

घट बसले आहेत. सकाळी झुलाल आबा ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन दारात. बरोबर वाल्मीक. चेहऱ्यावर राग नाही, उलट हसू. चहा झाल्यावर म्हणाले, "नाना, तुमनंच खरं निंघनं. वावर कसं हिरवंगार शे आते. पोरनी घाई करी, पन जाऊ द्या, ल्हान शे. ज्या जागा खाली पडन्यात त्या भराले कंद द्या. कंद बी लई जासू आनि पोरले बी लई जासू. मनी घरवालीले मी सांगी ठेयेल शे, आते कोनी काई बोलाव नही."

मंजुळा दाराआड उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. महिनाभर तिने हीच वाट पाहिली होती.

माझ्याकडे कंद खालच्या तुकड्यातच होते. वरचे जूनमध्येच गेले. नाहीत म्हणावं तर आबा येताना रस्त्यावरूनच पाहून आले होते, नाल्याच्या अंगाला मुनवे किती दाट उठले आहेत. दुसरीकडून घ्या म्हणावं तर का, हे सांगावं लागलं असतं. आणि सांगितलं असतं तर कुंदाला घेऊन जायला आलेला माणूस रिकामी ट्रॉली घेऊन परत गेला असता, असं मला वाटलं. तेही खरंच आहे. मी फक्त माझ्या नावाचा विचार केला असं कोणी म्हणू नये.

कौतिकला कुदळ घ्यायला सांगितली. दुपारपर्यंत ट्रॉली भरली. पानं कशी हिरवी होती, एकावरही पट्टा नव्हता.

कुंदा पेटी घेऊन बाहेर आली. ट्रॉलीपाशी थांबली. कंदांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाना, आबाच्या समोर सांगा. हे कंद निरोगी हायेत, असं तुम्ही म्हना. तुम्ही म्हनले तं मी बसते."

आबा हसले. "आवं, हाई काय इचारनं शे?"

ती हसली नाही. वाल्मीक जमिनीकडे पाहत होता. मला राग आला. स्वतःच्या बापाला लोकांत असं धारेवर धरायचं?

"निरोगी हायेत," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

मंजुळाने तिची ओटी भरली. ती माझ्या पाया पडली, नेहमीसारखीच, आणि ट्रॉलीत कंदांवर गोणपाट टाकून त्यावर बसली. ट्रॅक्टर वळणापलीकडे गेला तरी मंजुळा रस्त्यातच उभी. पोर नांदायला गेली, घरात आनंद हवा. पण आज घरात चूल पेटली नाही.

२ नोव्हेंबर

दिवाळी तोंडावर. दुपारच्या एसटीने वाल्मीक आला. खांद्यावर गोणपाट. ओट्यावर टेकला नाही, मंजुळाने आणलेलं पाणी घेतलं नाही. गोणपाट उलगडून हातभर उंचीचं केळीचं झाड मुळासकट ओट्यावर ठेवलं. पानांवर पिवळे पट्टे. शिरांच्या बाजूने, लांबच लांब.

"हाई तुमनाच कंद शे, नाना," तो म्हणाला. "नवरात्रमा लई गऊत, तवयना."

मी विचारलं, वावरातल्या सगळ्यांना असं झालं काय?

"वावरमा लायाच नहीत. कुंदाने घर येताच आबाना पाय धरात. म्हने, दिवाळीलोंग थांबा, मंग लावा. दहा कंद तिने गोठामांगे हौदजोडे लायात. वर गोणपाट, रोज पानी मारी मारी गारेगार ठेवात. उन लागू दिधं नही. बठ्ठास्ले असाच पट्टा उनात."

मी म्हणालो, दहाच्या दहांना पट्टे आले म्हणून काय झालं, सावलीत कोणतंही पान पिवळं पडतं.

"आमना गावना एक मानूस सावदाथीन कंद लयेल व्हता. त्याना बी दोन तठेच लायेल व्हतात. त्या हिरवा शेत." ते दोन हिरवेच राहिले हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, झाडाकडे पाहत होता. "आबांनी सोता काडी लाई. ट्रॉलीना कंद जाळात, उभी बाग बी जाळी. आते कपाशीनंच वावर करसूत, दोन वरीस केयी नही. कुंदा म्हनस, तवलोंग जमिनीले बी इसावा पाहिजे."

मग त्याने निरोप सांगितला. सांगताना उभा राहिला तसाच, हात बांधून, शाळेतल्यासारखा. "आबांनी सांगेल शे, कुंदानं खरं करं. पोर आते आमनी शे. तुम्ही येवानं नही."

भिकुबाईने तिला कोठीची किल्ली दिली, असंही तो म्हणाला. ते मंजुळाने विचारलं म्हणून.

मी काय वाईट केलं? सर्वांत चांगले म्हणून दिले होते. दुसऱ्यांदा दिले ते तिचा संसार सावरावा म्हणून दिले. पोटच्या पोरीने बापाच्या शब्दाची परीक्षा घ्यावी, दहा कंद बाजूला काढून, आणि ज्या घरात परवा गेली त्या घराने बापाला दार बंद करावं! हे मी कोणाला सांगू? सावद्याला तर कळलंच असेल. गेल्या पंधरवड्यात कंदासाठी एकही माणूस आलेला नाही.

मंजुळा आत गेली. मला वाटलं रडत असेल. बाहेर आली ती पिशवी घेऊन, वर फराळाचा डबा. मी म्हटलं, कुठे निघालीस? निरोप ऐकला नाहीस काय?

"निरोप तुम्हाले हाये," ती म्हणाली, "मले नही." आणि वाल्मीकच्या मागे एसटीच्या थांब्याकडे चालू लागली. माझ्यासाठी एका ताटलीत चार करंज्या काढून ठेवल्या आहेत.

संध्याकाळी कौतिक गुरं बांधायला आला. ओट्यावरचं झाड अजून तिथेच होतं. मी त्याला म्हटलं, "ते रोगी झाड उचल आन् जाळून टाक." त्याने ते उचललं, पानं पाहिली, आणि विचारलं, "आन् खालच्या तुकड्यातले, नाना?"

मी त्याला घरी जायला सांगितलं.